पेट्रोलमधल्या शिशाची ९८ वर्षे

नोव्हेंबर १९२१ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने रंगकामातल्या पांढऱ्या शिशावर (शिशापासून केलेल्या पांढऱ्या रंगद्रव्यावर) निर्बंध घालणारा करार मंजूर केला. रंगाऱ्यांचे पोटशूळ, लुळे पडलेले मनगट, पांढुरके पडलेले चेहरे युरोपला एव्हाना चांगलेच परिचयाचे होते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या एका डॉक्टरने तर १९०४ मध्येच घराच्या व्हरांड्यातल्या रंगाने मुलांना विषबाधा होते असे लिहून ठेवले होते. या करारानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच ९ डिसेंबरला अमेरिकेतल्या डेटन शहरात, जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत, थॉमस मिजली याला इंजिनाचे नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी खडखड, थांबवणारे द्रव्य सापडले: टेट्राएथिल लेड, शिशाचे एक संयुग. त्यामुळे ‘तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते’ ही सबब या प्रकरणात चालत नाही.

नॉकिंग अल्कोहोल मिसळूनही थांबत होते. पण अल्कोहोलवर कुणाची मक्तेदारी बसवता येत नव्हती; हे नवे द्रव्य मात्र पेटंटच्या कुलपात ठेवता येत होते आणि लागायचेही अगदी थोडे. बाजारात त्याचे नाव ठेवले ‘एथिल’, शिशाचा उल्लेखही नको म्हणून. फेब्रुवारी १९२३ मध्ये विक्री सुरू झाली, तेव्हा खुद्द मिजली शिशाच्या बाधेतून बरा होण्यासाठी रजेवर होता.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या बेवे इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात हे द्रव्य बनवणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले, झटके येऊ लागले. पाच जण दगावले. मिजलीने पत्रकारांसमोर त्या द्रव्याने हात धुऊन, वाफ हुंगून दाखवली. काही ठिकाणी विक्रीवर बंदी आली आणि मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेच्या प्रमुखाने, परिषद बोलावली. औद्योगिक रोगांच्या जाणकार डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी तिथे स्पष्ट विरोध केला. नेमलेल्या समितीने काही महिन्यांत गॅरेज कामगार आणि ड्रायव्हर तपासले, बंदीला पुरेसे कारण नाही म्हटले आणि पुढेही अभ्यास चालू ठेवा अशी सूचना केली. तो अभ्यास पुढची चार दशके मुख्यतः उद्योगाच्याच पैशावर झाला.

या काळाचा सूत्रधार म्हणजे उद्योगाचे वैद्यकीय सल्लागार डॉ. रॉबर्ट केहो. शिसे शरीरात निसर्गतःच असते, ठरावीक पातळीपर्यंत शरीर ते पेलते, अपाय होतो असे वाटणाऱ्यांनी तो सिद्ध करावा, ही त्यांची भूमिका. पुरावा म्हणून त्यांनी मेक्सिकोतले आडबाजूचे खेडूत तपासले. त्यांच्याही शरीरात शिसे निघाले. मात्र ते खेडूत जेवायचे शिशाची झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांतून.

या युक्तिवादाला सुरुंग लावला तो डॉक्टरने नव्हे, भूरसायनशास्त्रज्ञाने. क्लेअर पॅटरसन शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) पृथ्वीचे वय मोजत होते. ते सुमारे ४५५ कोटी वर्षे निघाले, पण मोजताना प्रत्येक नमुन्यात बाहेरचे शिसे घुसत असे. हे येते कुठून, याचा माग काढत ते समुद्राच्या पाण्यापर्यंत आणि ग्रीनलंडच्या बर्फापर्यंत गेले. आजच्या माणसात ‘सर्रास आढळणारे’ शिसे ‘नैसर्गिक’ नाही, हे त्यांनी १९६५ मध्ये मांडले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वात मोलाचे वाक्य हेच.

शरीर शिशाला फसते, कारण ते कॅल्शियमची जागा घेते. हाडांत ते वर्षानुवर्षे साठून राहते आणि गरोदरपणात तिथून सुटून बाळापर्यंत पोहोचते. रक्त तयार होण्यात ते अडथळा आणते, रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडे बिघडवते. लहान मुलांचे आतडे मोठ्यांच्या कितीतरी पट शिसे शोषून घेते, आणि ते नेमके मेंदूची जडणघडण चालू असताना. हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. वरकरणी ठणठणीत दिसणाऱ्या मुलांतही दातांत शिसे जास्त असेल तर बुद्ध्यांक कमी आणि वर्गातले लक्ष उणे दिसले. अमेरिकेतली मुलांसाठीची इशारा-पातळी मग घसरतच गेली: साठच्या दशकात एक डेसिलिटर रक्तात ६० मायक्रोग्रॅम, १९७१ मध्ये ४०, १९९१ मध्ये १०, आता ३.५. सुरक्षित पातळी अशी कोणतीच ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत धूर स्वच्छ करणारे उत्प्रेरक यंत्र बसवलेल्या नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल आले. मुंबईकरांना पंपावरची ती वेगळी नळी आठवत असेल. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच. शिसेयुक्त पेट्रोल मोटारींसाठी विकणे थांबवणारा जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१.

पण पेट्रोलमधले शिसे गेले म्हणजे शिसे गेले असे नाही. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ मध्ये लागू झाली, त्यामुळे त्याआधी रंगवलेल्या भिंती कोरड्या खरवडू नयेत. ओल्या करूनच घासाव्यात आणि मुलांना तिथून लांब ठेवावे. मोटारीची, इन्व्हर्टरची जुनी, शिशाची बॅटरी भंगारवाल्याकडे गेली की बरेचदा कुठल्याशा उघड्या भट्टीत वितळते आणि धूर आसपासच्या अंगणांत बसतो; ती विक्रेत्यालाच परत द्यावी. कल्हईच्या कथलात शिशाची भेसळ, काही सुरमे, काही भस्मे हेही मार्ग आहेत. आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असेल तर शिसे कमी शोषले जाते. शंका असेल तर रक्त तपासून घ्यावे, कारण लक्षणांची वाट पाहण्यात अर्थ नाही: शिसे बाहेर काढणारी औषधे आहेत, पण ती चढलेल्या पातळीसाठी, मेंदूचे झालेले नुकसान ती भरून काढत नाहीत.

हळदीचे उदाहरण त्यातल्या त्यात आशादायक. बांगलादेशात हळकुंडांना पिवळीधमक चकाकी यावी म्हणून लेड क्रोमेट हे शिसे असलेले पिवळे रंगद्रव्य चोळत असत. २०१९ मध्ये संशोधकांनी ते उघड केले, सरकारने छापे घातले, दंड केले, बाजारात जाऊन व्यापाऱ्यांना समजावले. त्या वर्षी बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडले नाही.