नऊ एक्क्यांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा की उजवीकडून, ही सतरा अंकी संख्या तीच राहते. मोठ्याने वाचायची तर १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. ‘कोटी’ दोनदा म्हणावे लागते, कारण त्यापुढची बहुतेक नावे आपण वापरातून घालवली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त परार्धापर्यंत अठरा स्थाने आहेत, ही संख्या त्यातल्या सतराव्या, ‘मध्य’ नावाच्या स्थानापर्यंत पोचते.

ती मिळते १११११११११ ला स्वतःनेच गुणल्यावर. कागदावर गुणाकार मांडून पाहा. तेच नऊ एक्के एकेक घर डावीकडे सरकत नऊ ओळींत उतरतात. बेरजेला उजवीकडच्या पहिल्या घरात एक एक्का, दुसऱ्यात दोन, असे करत मधल्या घरात नऊ, आणि मग उतरण. हातचा कुठेच येत नाही. दहा एक्के घेतले की मधे दहा जमतात, हातचा पुढे सरकतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ गायब!

एक्क्यांच्या अशा वर्गांना देवळालीच्या शाळेतले गणितशिक्षक द. रा. कापरेकर ‘वंडरफुल डेमलो’ संख्या म्हणत. डेमलो हे जुन्या जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरचे स्टेशन, कल्पना तिथे सुचली, म्हणून हे नाव. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या ‘हर्षद’ संख्यांचे बारसेही त्यांनीच केले. आपली संख्या हर्षदही आहे: अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागले की बाकी शून्य. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग (१२३४५६७९ मध्येही ८ नाहीच). भागाकार मात्र हर्षद नाही. त्याच्या अंकांची बेरीज ६४, आणि विषम संख्येला ६४ ने भाग जाणार कसा?

खरे तर हे सगळे कौतुक दशमान पद्धतीचे. संख्या दुसऱ्या पायावर लिहिली की अंक बदलतात, त्यांची बेरीज बदलते. अवयव मात्र हलत नाहीत: ३ चारदा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा, आणि तिन्ही मूळ संख्या. त्यावरून विभाजक ४५ निघतात, सगळे विषम. पंचेचाळीस विषम संख्यांची बेरीज विषमच येणार; ‘परिपूर्ण’ म्हणवणाऱ्या संख्येत विभाजकांची ही बेरीज त्या संख्येच्याच दुप्पट, म्हणजे सम, लागते. परिपूर्ण ठरण्याचा मार्ग बंद. प्रत्यक्षात ही बेरीज संख्येच्या दीडपटीहून किंचित जास्त भरते, म्हणून वर्गवारीत ही न्यून, म्हणजे दुपटीला कमी पडणारी, संख्या.

मला यातला ३७ सर्वांत कामाचा वाटतो. ३७ चा वर्ग १३६९, म्हणजेच ३५ चा वर्ग १२२५ अधिक १२ चा वर्ग १४४. आता १११११११११ म्हणजे ३७ गुणिले ३००३००३. म्हणून ३५ आणि १२ यांनाही ३००३००३ ने गुणायचे. मिळतो एक काटकोन त्रिकोण: कर्ण १११११११११, बाजू १०५१०५१०५ आणि ३६०३६०३६.