बाळंतिणीच्या मेंदूकडे उशिरा वळलेली नजर

रात्री बाळ जरा कुरकुरलं की बाकीचे गाढ झोपलेले असतात आणि आई मात्र ताडकन उठून बसते. हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मायेची ओढ म्हटलं की विषय संपायचा. तिच्या डोक्यात नेमकं काय बदललं, हे मात्र फार काळ कुणी तपासलंच नाही.

वैद्यकाने बाळंतिणीच्या मनाची दखल घेतली ती ती आजारी पडल्यावरच. दूध डोक्यात चढलं की बाळंतीण भ्रमिष्ट होते, अशी समजूत युरोपात दीर्घकाळ होती. १८५८ मध्ये लुई-व्हिक्टर मार्से या फ्रेंच डॉक्टरने गरोदर, बाळंतीण आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. काम मोलाचं होतं, पण निरोगी आई त्यातही बाहेरच राहिली.

पुढे हॉर्मोन सापडली, तरी नजर गर्भाशयावरच. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावतं, हे हेन्री डेलने १९०६ मध्ये दाखवलं. त्यातलं ऑक्सिटोसिन व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत तयार केलं आणि दोन वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. कळा येणं आणि दूध उतरणं, एवढंच त्याचं काम मानलं जाई.

खरं वळण आणलं उंदरांनी. पिल्लं न झालेली मादी अनोळखी पिल्लं पाहून एरवी बिचकते, त्यांना टाळते. संशोधक जे रोझेनब्लाट यांनी अशा माद्यांजवळ रोज पिल्लं ठेवली, आणि काही दिवसांत त्या पिल्लांना तोंडात धरून घरट्यात आणू लागल्या, चाटू लागल्या. १९६७ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात बाळंतपण नव्हतंच. नुसत्या सहवासाने हे घडलं. मग जोसेफ टर्केल यांच्यासोबत त्यांनी नुकत्याच व्यालेल्या मादीचं रक्त दुसरीच्या अंगात खेळवलं. तेव्हा तोच बदल दिवसभराच्या आत दिसला. म्हणजे हॉर्मोन दार झटकन उघडतात, पण सहवासानेही ते हळूहळू उघडतं. १९७९ मध्ये पेडरसन आणि प्रँज यांनी ऑक्सिटोसिन थेट मेंदूत सोडून मातृवर्तन सुरू करून दाखवलं, आणि गर्भाशयाचं म्हणून ओळखलं जाणारं हे रसायन मेंदूच्या चर्चेत आलं.

माणसाच्या आईची पाळी एमआरआय आल्यानंतरच आली. २००२ च्या एका अभ्यासात गरोदरपणात मेंदूचं आकारमान घटतं आणि प्रसूतीनंतर सहा महिन्यांत परत भरून येतं, असं दिसलं. २०१६ मध्ये एल्सेलिन हुक्झेमा आणि सहकाऱ्यांनी २५ स्त्रियांचे मेंदू पहिल्या गरोदरपणाच्या आधी आणि नंतर तपासले. दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याशी निगडित भागांत करडा थर, म्हणजे मेंदूतल्या पेशींनी दाट भरलेला भाग, कमी झाला होता, आणि दोन वर्षांनंतरही बहुतांश तसाच होता. त्याच वेळी बाप झालेल्या पुरुषांत असा बदल आढळला नाही.

"मेंदू आक्रसतो" हे ऐकून अनेकींना धसका बसतो. बाळंतपणाने बुद्धी मंद होते, हे टोमणे त्यांनी आधीच खाल्लेले असतात. पण त्याच अभ्यासात स्मरणशक्तीत लक्षणीय घट आढळली नव्हती. उलट ज्यांच्यात बदल मोठा, त्यांची बाळाशी जवळीक अधिक दिसली. किशोरवयातही करडा थर असाच पातळ होतो, आणि त्याला कुणी ऱ्हास म्हणत नाही. झाडाची छाटणी झाल्यावर फूट येते, तसं काहीसं इथे होत असावं, असं अनेक संशोधक मानतात.

बापांचा उल्लेख इथे करायलाच हवा. रूथ फेल्डमन यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की बाळाचं संगोपन मुख्यतः स्वतः करणाऱ्या पुरुषांच्या मेंदूतही पालकत्वाशी निगडित भागांचं जाळं जागं होतं. उंदरांवरून कळलेली सहवासाची गोष्ट माणसातही अशी पुन्हा भेटली.

एवढं होऊनही गरोदरपण चालू असताना मेंदू आठवड्यागणिक कसा बदलतो, याचा तपशील फारसा नव्हता. मेंदूशास्त्रज्ञ एलिझाबेथ क्रॅस्टिल यांनी तो स्वतःच्या मेंदूतून दिला. गर्भ राहण्याआधीपासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत त्या २६ वेळा एमआरआय यंत्रात पडून राहिल्या. करडा थर कमी होत गेला, तर मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या पांढऱ्या तंतूंची वीण दुसऱ्या तिमाहीच्या अखेरीपर्यंत घट्ट होत गेली आणि प्रसूतीनंतर पूर्ववत झाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नोंदी त्यांनी कुणाही संशोधकाला वापरता येतील अशा खुल्या ठेवल्या आहेत.