जुन्या बंदुकीचे काय करायचे?

10 डिसेंबर 2018 ही न्यू जर्सीतल्या बंदूकधारकांसाठी शेवटची तारीख होती. मॅगझिन, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत किंवा रायफलीच्या पोटात सरकवायची काडतुसांची पत्र्याची डबी. राज्यात 1990 पासून तिची कमाल मर्यादा 15 काडतुसांची होती. जून 2018 मध्ये राज्यपाल फिल मर्फी यांनी सही केलेल्या कायद्याने ती 10 वर आणली आणि 180 दिवसांची मुदत दिली. तेवढ्या काळात डबी पोलिसांकडे जमा करायची, राज्याबाहेर विकायची, नाहीतर 10 पेक्षा जास्त काडतुसे जाणारच नाहीत अशी कायमची बदलून घ्यायची. निवृत्त पोलिसांना सूट होती, सामान्य मालकांना नाही. मुदत संपायच्या 5 दिवस आधी अपिलीय न्यायालयानेही कायदा उचलून धरला. 28 वर्षे कपाटात बिनदिक्कत पडून राहिलेली वस्तू रातोरात फौजदारी गुन्हा ठरली.

अमेरिकेतला बंदुकीचा वाद आपल्याकडे पोहोचतो तो गोळीबाराच्या बातम्यांमधून किंवा राज्यघटनेतल्या, शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या दुरुस्तीवरच्या चर्चेतून. बंदूक बाळगणाऱ्याचा रोजचा प्रश्न मात्र बराच साधा असतो: कायदा बदलला, आता आधीपासून घरात असलेल्या हत्याराचे काय? गेल्या नव्वद वर्षांत या प्रश्नाला दर वेळी वेगळे उत्तर मिळाले आहे.

पहिले उत्तर होते नोंदणी. 1934 च्या संघीय कायद्याने मशीनगन आणि आखूड नळीच्या रायफलींच्या हस्तांतरणावर 200 डॉलर कर बसवला. त्या काळी ही रक्कम खुद्द हत्याराच्या किमतीच्या आसपास जाई. ज्यांच्याकडे ती आधीपासून होती त्यांना नोंदणीसाठी 60 दिवस मिळाले. यात एक गोम होती, ती 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयात उघडी पडली: ज्याने नोंदणी केलीच नाही त्याला आता ती करायला लावणे म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याची कबुली द्यायला लावणे. मग कायदा नव्याने लिहिला गेला आणि महिनाभर अभय देण्यात आले. या, नोंदवा, कोणी काही विचारणार नाही.

1986 चा कायदा त्याहून गमतीचा. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 19 मे रोजी सही केली आणि त्या दिवसानंतर बनलेली मशीनगन सामान्य माणसाला बंद झाली. आधी नोंदलेल्या तशाच राहिल्या, त्यांची खरेदी-विक्रीही चालू राहिली. संख्या गोठली आणि भाव चढत गेले. आज अशी एखादी जुनी मशीनगन हजारो, चांगल्या स्थितीत असेल तर दहा-दहा हजार डॉलरच्या पटीत विकली जाते. बंदीमुळे मालक श्रीमंत झाल्याचे हे दुर्मिळ उदाहरण.

याच कायद्यात प्रवाशांसाठीही एक कलम आहे. बंदूक दोन्ही टोकांच्या राज्यांत कायदेशीर असेल, रिकामी असेल आणि प्रवासात हाताशी येणार नाही अशी बंद करून ठेवलेली असेल, तर मधल्या राज्याचा कडक कायदा आड येत नाही. कागदावर हे सरळ दिसते. 2005 मध्ये युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचे पुढचे विमान नेवार्कला चुकले. त्याने सामान ताब्यात घेतले, रात्र हॉटेलात काढली आणि सकाळी विमानतळावर सामान देताना आत पिस्तूल असल्याचे नियमाप्रमाणे सांगितले. त्याला अटक झाली. पुढे आरोप मागे घेतले गेले, पण त्याच्या दाव्यावर 2010 मध्ये अपिलीय न्यायालय म्हणाले की हॉटेलात पेटी हाताशी होती, म्हणून संरक्षण लागू नाही. सामान घेतलेच नसते तर तो सुटला असता! मुंबईहून येणारे आपले कितीतरी लोक याच विमानतळावर उतरतात. त्यांच्यापुरता प्रश्न बहुतेक वेळा वेगळा असतो, कारण 1998 पासून एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक बाळगणे संघीय कायद्यानेच मना आहे. ग्रीन कार्ड हाती आले की ही आडकाठी जाते आणि राज्याचे नियम सुरू होतात.

हे नियम राज्याच्या हाती एकवटले त्यामागेही इतिहास आहे. शिकागोजवळच्या मॉर्टन ग्रोव्ह या गावाने 1981 मध्ये हँडगन, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर, बाळगण्यावरच बंदी घातली. त्याला उत्तर म्हणून 1982 मध्ये जॉर्जियातल्या केनेसॉ गावाने प्रत्येक कुटुंबप्रमुखाने बंदूक ठेवलीच पाहिजे असा ठराव केला. गावोगावच्या अशा वेगळ्या कायद्यांचा बंदूकधारकांच्या संघटनांनी धसका घेतला आणि राज्याराज्यांत जोर लावला. आज 40 हून अधिक राज्यांत शहरांना या बाबतीत स्वतंत्र नियम करण्याची मुभा जवळजवळ नाही. त्यामुळे सारी रस्सीखेच राज्यांच्या राजधान्यांत चालते.

कॅलिफोर्नियाइतकी कोलांटउडी कोणीच मारलेली नाही. जानेवारी 1989 मध्ये स्टॉकटनच्या प्राथमिक शाळेत 5 मुले मारली गेली आणि त्याच वर्षी ठरावीक मॉडेलांच्या रायफलींवर बंदी आली. आधीच्या मालकांनी नोंदणी करायची होती. मुदत 30 मार्च 1992 ला संपल्यावरही राज्याच्या महाधिवक्त्यांनी अर्ज घेणे चालू ठेवले. पुढे न्यायालयाने तो अधिकारच त्यांना नव्हता असे ठरवले आणि प्रामाणिकपणे, पण उशिरा नोंदणी करणाऱ्यांना हत्यार सोडावे लागले. एसकेएस रायफलीच्या एका प्रकाराचे तर आणखी वाईट झाले. आधी ती चालते असा समज सरकारी भूमिकेतूनच पसरला, नंतर ती बेकायदा ठरली, आणि शेवटी राज्यालाच 230 डॉलर देऊन ती परत घ्यावी लागली. माझ्या मते बंदूकधारकांच्या मनात नोंदणीविषयी जी अढी बसली, ती कोणत्याही प्रचारापेक्षा अशा प्रकरणांनी जास्त बसवली.

त्याचा पडसाद इलिनॉयमध्ये दिसला. 4 जुलै 2022 च्या हायलंड पार्क गोळीबारानंतर जानेवारी 2023 मध्ये तिथेही अशा हत्यारांवर बंदी आली. जुनी हत्यारे ठेवता येतील, पण 1 जानेवारी 2024 पर्यंत प्रतिज्ञापत्र द्यायचे. राज्यात बंदुकीसाठी लागणारे ओळखपत्र सुमारे 24 लाख लोकांकडे, आणि मुदतीत नोंद करणारे जेमतेम टक्का-सव्वा टक्का. सगळ्यांकडे तसली हत्यारे नसणार हे खरे, तरी आकडा बोलका आहे.

भारतीय वाचकाला हे सारे विचित्र वाटेल. आपल्याकडे बंदूक मुळात परवान्यावरची. निवडणूक आली की पोलिस ठाण्यात जमा करायची नोटीस येते. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन हत्यारांवर आली, तिसरे वर्षभरात जमा करायचे होते. फारशी खळबळ झाली नाही.

अमेरिकेत न्यायालये मधे येतात, आणि मग तारखांचाच खेळ होतो. कॅलिफोर्नियाची 10 काडतुसांवरच्या मॅगझिनची बंदी 29 मार्च 2019 रोजी एका न्यायाधीशाने रद्द केली. 5 एप्रिलच्या संध्याकाळी 5 वाजता त्या निकालाला स्थगिती लागू झाली. मधल्या आठवड्यात लोकांनी मॅगझिनवर उड्या घातल्या. त्या दिवसांत घेतलेली डबी स्थगितीच्या आदेशातच सुरक्षित राहिली. आता डबीवर अनुक्रमांक नसतो, तेव्हा ती कोणत्या तारखेची हे बिलाशिवाय सांगणार कोण? मार्च 2025 मध्ये अपिलीय न्यायालयाने मूळ बंदी वैध ठरवली.

2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा 1913 पासूनचा, सबळ कारण दाखवल्याशिवाय पिस्तूल सोबत बाळगू न देणारा नियम मोडीत काढला. राज्याने 1 सप्टेंबरपासून नवा कायदा आणला: परवाना मिळेल, पण टाइम्स स्क्वेअर, भुयारी रेल्वे, बागा अशा ठिकाणी नेता येणार नाही. उलट 29 राज्यांत आज परवान्याशिवायच पिस्तूल सोबत ठेवता येते. फ्लोरिडाही 1 जुलै 2023 पासून त्यात आहे. तरीही तिथले जाणते लोक परवान्याच्या कार्डाचे नूतनीकरण करत राहतात, कारण इतर काही राज्यांत ओळखले जाते ते कार्डच.

अलीकडचे कायदे घरातल्या हत्याराला हात लावायचे टाळू लागले आहेत. वॉशिंग्टन राज्याने 2023 मध्ये अशा हत्यारांची विक्री थांबवली, बाळगणे नाही. या जुन्या मालकांच्या सवलतीला अमेरिकेत ‘ग्रँडफादर’ म्हणतात. शब्द दक्षिणेतल्या मतदान कायद्यांमधून आला. तिथे आजोबांना मताधिकार असेल तर गोऱ्या नातवाला साक्षरतेची अट माफ होई. बंदुकीच्या बाबतीत नातवाला असे काही मिळत नाही. कॅलिफोर्नियात नोंदलेली रायफल वारशाने आली तर 90 दिवसांत ती निकामी करायची, परवानाधारक विक्रेत्याला विकायची, राज्याबाहेर पाठवायची, किंवा सहसा न मिळणारा खास परवाना मागायचा.