कुणी लॉग-इन नसतानाही: लिनक्सवरच्या घरगुती टीव्ही रेकॉर्डरची पार्श्वभूमी

रात्री साडेनऊचा कार्यक्रम टिपायचा तर साडेनऊला संगणक जागा हवा, ट्यूनर (वाहिनी पकडणारं कार्ड) मोकळा हवा आणि घरात कुणी असो वा नसो, काम आपोआप सुरू व्हायला हवं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर हे जमायला बरीच वर्षं लागली.

१९९९ साली अमेरिकेत आलेल्या टिवो या रेकॉर्डरच्या पोटात लिनक्सच होतं. पण तो बंद डबा होता. स्वतःच्या संगणकावर तेच करायची वाट जर्मनीच्या क्लाउस श्मिडिंगर यांच्या व्हीडीआर या प्रोग्रॅमने २००० मध्ये, आणि आयझॅक रिचर्ड्स यांच्या मिथटीव्हीने २००२ मध्ये मोकळी केली.

मिथटीव्हीचे दोन भाग होते. ट्यूनर, वेळापत्रक आणि डेटाबेस बॅकएंडच्या ताब्यात. पडद्यावर दाखवण्याचं काम फ्रंटएंडचं. माझ्या मते या प्रकल्पाचा सगळ्यात शहाणा निर्णय हाच. तरीही बॅकएंड टर्मिनलमध्ये हाताने सुरू केला आणि ते टर्मिनल बंद झालं, की रेकॉर्डिंग अर्ध्यावर तुटायचं. म्हणून लिनक्ससाठी मिथटीव्हीचं पॅकेज बांधणाऱ्यांनी त्याची सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम, केली: संगणक चालू होतानाच सुरू होणारी, ‘मिथटीव्ही’ या वेगळ्या युजरच्या नावाने चालणारी. तो युजर ‘व्हिडिओ’ गटात असला की ट्यूनर वापरायला रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी युजरचे, अधिकार लागत नाहीत.

खरी पंचाईत पुढे आली. जुन्या पद्धतीत सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या इनिट स्क्रिप्ट क्रमांकाच्या ओळीने, एकामागून एक चालत. २००६ मध्ये उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीत हेच काम करणारं अपस्टार्ट आलं, आणि २०१० मध्ये सिस्टमडीचा जन्म झाला. सर्व्हिसेस एकाच वेळी सुरू होऊ लागल्या आणि बॅकएंड कधीकधी सगळ्यांच्या पुढे धावू लागला. डीव्हीबी, म्हणजे डिजिटल टीव्हीच्या ट्यूनर कार्डाचा ड्रायव्हर लोड होऊन, ज्यातून प्रोग्रॅम कार्डाशी बोलतो ती डिव्हाइस फाइल तयार व्हायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात बॅकएंडने डोकावलं, तर त्याला ट्यूनर दिसतच नाही. माझ्याकडे एकदा वीज जाऊन आल्यावर डेटाबेस अजून स्वतःला सावरत होता. बॅकएंडने जोडणीचा प्रयत्न केला आणि नाद सोडून दिला. सकाळी रेकॉर्डिंगची यादी रिकामी पाहून फार हळहळलो.

यावरचा इलाज सर्व्हिस फाइलच्या मोजक्या ओळींत आहे. ‘आफ्टर’मध्ये डेटाबेसचं नाव लिहायचं, म्हणजे बॅकएंड त्याच्यानंतर सुरू होतो. यूडेव्हच्या (जोडलेली उपकरणं सांभाळणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या) नियमात ट्यूनरला ‘सिस्टमडी’ हा टॅग लावायचा, म्हणजे ट्यूनरसाठी सिस्टमडीला ओळखता येणारं डिव्हाइस युनिट तयार होतं आणि सर्व्हिसला त्याची वाट पाहायला सांगता येतं. शिवाय ‘रीस्टार्ट’ला ‘ऑन-फेल्युअर’, म्हणजे बॅकएंड कोसळला तरी पुन्हा उभा राहतो.

दोन रेकॉर्डिंगच्या मध्ये यंत्र बंद ठेवायचं असेल तर मदरबोर्डवरच्या घड्याळात गजर लावावा लागतो. आधी त्यासाठी एनव्हीरॅम-वेकअप हे अवजार वापरत. पुढे कर्नलनेच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानेच, ‘वेकअलार्म’ ही फाइल दिली. काही मदरबोर्डांवर मात्र बंद होताना लिनक्सने घड्याळाची वेळ पुन्हा लिहिली, की लावलेला गजर पुसला जातो. हा दोष शोधण्यात लोकांच्या रात्री गेल्या आहेत.

मुंबईत २०१२ मध्ये केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि केबलची वायर थेट ट्यूनर कार्डात खोचायचे दिवस सरले. डीडी फ्री डिशवरच्या एन्क्रिप्ट न केलेल्या वाहिन्या मात्र उपग्रहाचं ट्यूनर कार्ड आणि टीव्हीहेडएंड हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम यांच्या जोडीने आजही टिपता येतात. टीव्हीहेडएंडही सर्व्हिस म्हणूनच चालतं. रेकॉर्डिंग लावायला ब्राउझरमध्ये त्या संगणकाच्या पत्त्यावरचा ९९८१ हा पोर्ट उघडायचा.