सुदैरी माहेर, सौदी गादी

सौदी अरेबियाच्या राजकारणात ‘सुदैरी सप्तक’ हा सात सख्ख्या भावांचा उल्लेख वारंवार येतो. ते वेगळं राजघराणं नव्हे. हे सातही भाऊ सौद घराण्याचेच, सुदैरी हे त्यांचं आजोळ. अरबांत लग्नानंतरही बाईच्या नावामागे बापाचंच कूळ लागतं, म्हणून त्यांची आई शेवटपर्यंत हुस्सा बिंत अहमद अल-सुदैरी राहिली.

सुदैरी हे नज्दमधल्या, म्हणजे मध्य अरबस्तानातल्या, अल-घात गावचं, दवासिर जमातीतलं वजनदार घराणं. या भावांचे वडील, सौदी अरेबियाचे संस्थापक राजे अब्दुलअझीझ (इब्न सौद) यांची आईही याच घराण्यातली. 1902 मध्ये रियाध जिंकल्यावर त्यांनी तलवारीइतकंच सोयरिकींच्या बळावर राज्य जोडलं. एका वेळी चारच बायकांची मुभा, त्यामुळे तलाक आणि नवा निकाह सतत चाले. तलाक म्हणजे बाईला कलंक, असं तिथे मानत नसत. इद्दतीची, म्हणजे तलाकनंतर बाईने थांबायची, मुदत संपली की दुसरं घर मिळे. हुस्साचंच पाहा. अब्दुलअझीझशी पहिला निकाह टिकला नाही, मग तिने त्यांच्याच सावत्र भावाशी लग्न केलं, त्याच्यापासून तिला मुलगा झाला आणि 1920च्या सुमारास ती पुन्हा अब्दुलअझीझच्या घरी आली.

या दुसऱ्या संसारात फहद, सुलतान, अब्दुल रहमान, नायफ, तुर्की, सलमान, अहमद असे सात मुलगे झाले, शिवाय मुली. पुढे मुलगे मंत्री झाले तरी रोज एक जेवण आईच्या घरी एकत्र व्हायचं, असा तिचा दंडक होता, असं सांगतात. सत्तेच्या दृष्टीने हे फार मोलाचं होतं. राजाला तीसहून अधिक मुलगे, सगळे कायद्याने सारखे. अशा वेळी सख्खा भाऊ हीच खरी फळी. फहद, मग नायफ गृहमंत्री, सुलतान 1963 पासून संरक्षणमंत्री, सलमान रियाधचे गव्हर्नर: मोक्याच्या जागा एकाच आईच्या लेकांकडे गेल्या.

उलट त्यांचे सावत्र भाऊ, पुढे राजे झालेले अब्दुल्ला यांची आई फहदा शम्मर जमातीची. तिचा आधीचा नवरा उत्तरेकडच्या हाइलचा रशीदी अमीर, म्हणजे सौद घराण्याचा हाडवैरी. त्याच्या खुनानंतर आणि हाइल पडल्यावर तिचा अब्दुलअझीझशी निकाह झाला. अब्दुल्लांना सख्खा भाऊ नव्हता. सुदैरींसमोर त्यांचा आधार नॅशनल गार्ड हे लष्कराहून वेगळं दल, आणि त्यात भरती जमातींमधली.

हुस्सा 1969 मध्ये वारली. फहद 1982 मध्ये आणि सलमान 2015 मध्ये गादीवर आले. 2017 मध्ये युवराज झालेल्या मोहम्मद बिन सलमान यांचं आजोळ मात्र अजमान जमातीत आहे. याच जमातीशी लढताना 1915 मध्ये अब्दुलअझीझचा सख्खा भाऊ साद मारला गेला होता.