हा तुकडा कोणत्या जीवाचा?

मातीच्या नमुन्यातला सगळा डीएनए एकदम वाचायला घेतला, की यंत्रातून कोट्यवधी बारीक तुकडे बाहेर पडतात, बरेचदा जेमतेम 150 अक्षरांचे. संगणक त्यांची टोकं जुळवून लांब, सलग तुकडे तयार करतो. हे झाले कॉन्टिग. खरा प्रश्न पुढे आहे: यातला कोणता कॉन्टिग कोणाचा? जिवाणूचा, बुरशीचा, विषाणूचा, की नमुना हाताळणाऱ्या माणसाचाच?

माहितीसाठ्यात शोधायचं आणि सर्वाधिक साम्य असलेल्या जीवाचं नाव लावून मोकळं व्हायचं, हा मार्ग सोपा वाटतो. पण कितीतरी सूक्ष्मजीवांचे जीनोम, म्हणजे त्यांचा संपूर्ण डीएनए, अजून साठ्यात नाहीतच. अशा वेळी ‘सगळ्यात जवळचा’ म्हणून हाती लागतो तो दूरचा नातेवाईक, आणि अहवालात मात्र त्याचंच नाव ठामपणे छापलं जातं.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेलं ‘कॅट’ हे सॉफ्टवेअर म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. ते आधी कॉन्टिगवरची जनुकं ओळखतं आणि त्यांपासून बनणारी प्रथिनं साठ्यातल्या प्रथिनांशी ताडून पाहतं. डीएनएतली काही अक्षरं बदलली तरी प्रथिन तेच राहू शकतं, त्यामुळे दूरचं नातंही प्रथिनांत टिकून दिसतं.

समजा, एका कॉन्टिगवर आठ जनुकं आहेत. पहिल्याचं साम्य एकाच कुळातल्या तीन वेगवेगळ्या जिवाणूंशी जवळपास सारखंच निघालं. मग त्या जनुकाचा कौल तिघांच्या समाईक पूर्वजापाशी, म्हणजे कुळापाशी थांबतो. असे आठही कौल साम्याच्या गुणांनुसार तोलले जातात. पुरेसा पाठिंबा कुळापर्यंतच असेल, तर उत्तरही तिथेच थांबतं. जातीचं नाव दिलं जात नाही. एखादं जनुक भलत्याच जीवाकडून आलेलं असलं, तरी बाकीची सात निकाल सावरून धरतात.

सगळा कॉन्टिग एकत्र पाहणं किती गरजेचं आहे, ते 2015 मध्ये दिसलं. टार्डिग्रेड या आठ पायांच्या सूक्ष्म प्राण्याची सुमारे एक षष्ठांश जनुकं परकी, मुख्यतः जिवाणूंकडून आलेली आहेत, असा दावा झाला. एडिनबर्ग विद्यापीठातल्या गटाने त्याच प्राण्याचा जीनोम स्वतंत्रपणे वाचला होता. त्यांनी दोन्ही जीनोम ताडून पाहिले, तेव्हा त्या ‘परक्या’ जनुकांपैकी बहुतेक नमुन्यात मिसळलेल्या जिवाणूंचीच निघाली. जिवाणूचं जनुक प्राण्याच्या जनुकांच्या शेजारी एकाच कॉन्टिगवर बसलेलं असेल, तर ते खरोखर परकं असण्याची शक्यता मोठी. अख्खा कॉन्टिगच जिवाणूचा असेल, तर आधी भेसळीची शंका घ्यायला हवी.

साठाही निर्दोष नसतो. 2019 मध्येच जिवाणू आणि आर्किया (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या गटातले एकपेशीय जीव) यांच्या 2,000 हून अधिक जीनोममध्ये माणसाच्या डीएनएची भेसळ आढळली. म्हणून कॅटच्या निकालात नावाशेजारी दिलेला पाठिंब्याचा आकडा नावाइतकाच काळजीपूर्वक वाचावा लागतो.