नानला जाण्यापूर्वी: आमच्या प्रवाशांसाठी माहिती

उत्तर थायलंडातल्या नान या गावाला रेल्वे जात नाही. बँकॉकहून रात्रीच्या बसने दहा-अकरा तास लागतात, विमानाने सव्वा-दीड तास. मुंबईहून येणारी बरीच विमानं सुवर्णभूमीला उतरतात आणि नानचं विमान डॉन मुआंगहून सुटतं. म्हणून विमानतळ बदलायला आम्ही मध्ये भरपूर वेळ ठेवतो. तो वेळ वाया जातोय असं वाटेल, पण बँकॉकच्या ट्रॅफिकपुढे इलाज नाही.

लाओसच्या सीमेजवळ, डोंगरांच्या कुशीत वसलेल्या या गावाला 1931 पर्यंत स्वतःचे राजे होते, जरी वरचा अंमल बँकॉकचा असला तरी. इथे आम्ही तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम ठेवत नाही. सुरुवातीच्या एका सहलीत आम्ही एकाच दिवसात पाच विहार दाखवले होते. रात्री जेवताना एका मावशींनी विचारलं, "अहो, ती चित्रं होती ते देऊळ त्यातलं कुठलं?" चूक आमची होती. तेव्हापासून दिवसाला दोनच विहार.

पहिला वात फुमिन. (थाई भाषेत 'वात' म्हणजे विहार.) तो 1596 सालचा, पण फलकावर 2139 दिसेल. थायलंडात बुद्धवर्ष चालतं, त्यातून 543 वजा करायचे. दोन मोठे नाग ही वास्तू पाठीवर तोलून चालले आहेत असं बाहेरून वाटतं. आत चार बुद्धमूर्ती पाठीला पाठ लावून चार दिशांना तोंड करून बसल्या आहेत, चारही भूमिस्पर्श मुद्रेत. कुठल्याही दारातून आत या, समोर बुद्धच.

आता भिंतींकडे वळा. ही चित्रं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. अजिंठा पाहिलेल्यांना भिंतीवरच्या जातककथा नव्या नाहीत, पण इथे कथेच्या कडेकडेने नानचं रोजचं जगणं येतं: मागावर बसलेली बाई, बाजाराला निघालेली माणसं, टोपीवाले युरोपीय. दाराजवळ जवळजवळ माणसाच्या उंचीचं एक जोडपं आहे. अंगावर गोंदण असलेला पुरुष एक हात बाईच्या खांद्यावर ठेवून, दुसरा तोंडाशी आडवा धरून तिच्या कानात काहीतरी सांगतोय. तिची नजर मात्र त्याच्याकडे नाही. गावातल्या टी-शर्टांवर, कपांवर हेच चित्र दिसेल, पण मूळ चित्रासमोर पाच मिनिटं नुसते उभे राहा. तिच्या कानातलं, लुगड्याचे आडवे पट्टे, सगळं हळूहळू दिसू लागतं. फ्लॅश वापरू नका, रंग जुने आहेत.

तिथून चालत काही मिनिटांवर जुन्या राजवाड्यातलं संग्रहालय. गरुडाने खांद्यावर पेललेला काळपट हस्तिदंत तिथे आहे, आणि दाराबाहेर चाफ्याच्या झाडांची कमान. समोरच्या वात फ्रा थात चांग खाममध्ये स्तूपाच्या पायथ्यातून हत्ती अर्धे बाहेर आले आहेत.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे वात फ्रा थात चे हेंग. सोनेरी स्तूप सुमारे 55 मीटर उंच. तो बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातल्या सशाच्या वर्षाशी जोडलेला आहे, म्हणून 1951, 1963, 1975, 1987 किंवा 1999 साली जन्मलेले थाई लोक लांबून दर्शनाला येतात. तुमच्यापैकी कुणाचं साल जुळत असेल तर आम्हाला जरूर सांगा. संध्याकाळी वात फ्रा थात खाओ नोईच्या टेकडीवर जातो. तिथे उभी बुद्धमूर्ती खालच्या सगळ्या शहराकडे पाहते. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनी काळजी करू नये.

आमच्या बौद्ध प्रवाशांसाठी खास. 'नमो तस्स' आणि त्रिशरण इथेही पालीतच म्हणतात, उच्चार थोडे वेगळे. हलक्या आवाजात तुम्हीही म्हणा. पौर्णिमा, अमावास्या आणि दोन्ही अष्टमी हे इथले उपोसथाचे दिवस. त्या सकाळी गावकरी पांढऱ्या कपड्यांत येतात, आम्हीही शक्यतो तोच दिवस साधतो.

खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. चपला दाराबाहेर काढा. बसताना पाय मूर्तीकडे पसरू नका, मागे दुमडून बसा. खाली बसता येत नसेल तर मागे खुर्चीवर बसावं, कुणी काही म्हणत नाही. स्त्रियांनी भिक्खूंच्या हातात थेट काही देऊ नये, त्यांनी पसरलेल्या कापडावर ठेवावं.

शाकाहारी मंडळींनी एवढं पाठ करा: 'माई साई नाम प्ला', म्हणजे माशांचा सॉस घालू नका. नुसतं 'भाजी' सांगितलं तर तो सॉस हमखास पडतो. लाल अक्षरांचा पिवळा झेंडा दिसला तर तिथे 'जे' जेवण मिळतं, कांदा-लसूणही नसतो. शुक्रवार ते रविवार संध्याकाळी वात फुमिनजवळच्या रस्त्यावर बाजार भरतो. खायचं विकत घ्यायचं आणि चटईवर बसून बुटक्या गोल चौरंगावर जेवायचं. तिथेच ताय लू समाजाच्या बायकांनी विणलेलं 'वाहत्या पाण्याच्या' नक्षीचं कापड मिळतं. ते हातमागाचं असतं, फार घासाघीस करू नका.

नोव्हेंबर ते जानेवारी हा उत्तम काळ. सकाळी गारठा असतो, स्वेटर घ्या. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत शेतं आणि रान जाळल्याचा धूर डोंगरात साचतो, त्यामुळे दम्याच्या रुग्णांना त्या दिवसांत आम्ही स्वतःहून नको म्हणतो. वर्षावास (भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम) संपताना नदीत नागमुखी लांब होड्यांच्या शर्यती होतात. त्या आठवड्यात खोल्या चटकन भरतात, तेव्हा यायचं असेल तर नावं दोन-तीन महिने आधी कळवा.